‘जायचो’, ‘जातो’, ‘सवय होतेय’ : इंग्रजीत सवयी सांगायच्या कशा

‘सध्या ऑफिसला कसे येता-जाता?’ असा साधा प्रश्न मुलाखतीत येतो आणि ठाण्याचा उमेदवार सांगतो, ‘आय यूज टू गो टू ऐरोली बाय बस.’ त्याच्या मनात असतं, मी रोज बसने ऐरोलीला जातो. ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं, मी पूर्वी बसने ऐरोलीला जायचो. म्हणजे आता जात नाही, बहुधा नोकरी सुटलेली दिसते. पुढचा प्रश्न ‘मग ती नोकरी का सोडलीत?’ असा येतो आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना गोंधळ उडतो.

मी नोकरदार मोठ्यांना इंग्रजी शिकवते. हे वाक्य पहिल्या आठवड्यात कुणाच्या ना कुणाच्या तोंडून येतंच. दोष त्यांचा कमी, शिकवण्याचा जास्त. शाळेत ‘यूज्ड टू’समोर फळ्यावर ‘सवय’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आपली मराठी ‘सवय’ तर तिन्ही काळांत फिरते. इंग्रजीत तिचे तीन वेगवेगळे साचे आहेत. एक सुटलेल्या सवयीचा, दुसरा चालू सवयीचा, तिसरा अंगवळणी पडलेल्या किंवा पडू लागलेल्या गोष्टीचा. यातला कुठला उचलायचा ते तुमचं मराठी वाक्यच सांगतं. म्हणून पहिली पायरी इंग्रजीची नाहीच.

पायरी पहिली : आधी मराठी वाक्याचं शेपूट पाहा

ऐरोलीचा टोलनाका घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर कारसारख्या हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, ट्रकसारख्या जड वाहनांचा चालू राहिला. त्यामुळे या एका नाक्यावर आपल्याला हवे ते सगळे साचे भेटतात.

कारवाला म्हणेल, ‘मी इथे टोल भरायचो.’ ट्रकवाला म्हणेल, ‘मी इथे टोल भरतो.’ आणि तोच कारवाला, ज्याचा पाय नाका दिसला की आपोआप ब्रेकवर जातो, म्हणेल, ‘न थांबता पुढे जायची आता कुठे सवय होतेय.’ इंग्रजीत अनुक्रमे: ‘आय यूज्ड टू पे टोल हिअर.’ ‘आय पे टोल हिअर.’ ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू ड्रायव्हिंग थ्रू विदाउट स्टॉपिंग.’

क्रियापदाच्या शेवटी ‘-यचो, -यची, -यचे’ आलं, म्हणजे भरायचो, बसायची, खेळायचे, तर ‘यूज्ड टू’ आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. ‘-तो, -ते, -तात’ आलं तर साधा वर्तमानकाळ, तिथे ‘यूज्ड टू’ फिरकतसुद्धा नाही. वाक्यात ‘सवय’, ‘अंगवळणी’, ‘रुळणं’ असं काही असेल तर बहुतेक वेळा ‘यूज्ड टू’च्या आधी ‘ॲम, इज, आर’ किंवा ‘गेट’चं एखादं रूप लागतं, आणि नंतरच्या क्रियापदाला आयएनजी. ‘बहुतेक वेळा’ हे मुद्दाम म्हटलंय. ‘सवय’ हा शब्द फसवतो कुठे, ते पुढे येईलच.

वर्तमानकाळात ‘आय यूज टू गो’ असं रूप आजच्या इंग्रजीत नाही. काही शतकांपूर्वी होतं, मग ते वापरातून गेलं आणि भूतकाळाचं तेवढं मागे राहिलं. आज ‘आय यूज’ म्हटलं की अर्थ ‘मी वापरतो’ इतकाच.

पायरी दुसरी : सुटलेली सवय

‘यूज्ड टू’ दोन प्रकारच्या गोष्टींना चालतं. वारंवार घडणारी कृती, आणि बराच काळ टिकलेली स्थिती. ठाणे ते वाशी थेट लोकल, म्हणजे ट्रान्स-हार्बर मार्ग, २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधी रेल्वेने जाणारे कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी पकडायचे. ‘पीपल यूज्ड टू चेंज ट्रेन्स ॲट कुर्ला.’ ही कृती. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जिथे आज काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथे कुठेकुठे रासायनिक कारखाने होते. ‘देअर यूज्ड टू बी अ केमिकल फॅक्टरी हिअर.’ ही स्थिती. दोन्ही वाक्यांत न बोललेला एक अर्थ दडलेला असतो, तो म्हणजे आता तसं नाही. साध्या भूतकाळात हा अर्थ आपोआप येत नाही. ‘आय प्लेड कॅरम’ म्हटल्यावर तुम्ही अजूनही खेळत असाल. ‘आय यूज्ड टू प्ले कॅरम’ म्हटल्यावर तुमचा बोर्ड माळ्यावर गेला आहे.

नकार आणि प्रश्नात ‘डिड’ येतो, आणि तो आला की ‘यूज्ड’च्या शेवटचं डी हे अक्षर गळतं, जसं ‘वेंट’चं ‘डिड नॉट गो’ होतं तसंच. ‘आय डिडन्ट यूज टू ड्रिंक कॉफी.’ ‘डिड यू यूज टू लिव्ह इन कळवा?’ बोलताना डी असला काय, नसला काय, कानाला फरक कळत नाही. चूक दिसते ती लिहिताना, ईमेलमध्ये. धाकधूक वाटत असेल तर नकारासाठी ‘आय नेव्हर यूज्ड टू ड्रिंक कॉफी’ लिहा. डी शाबूत राहतो आणि वाक्यही जास्त सहज वाटतं.

उच्चाराचंही इथेच उरकते. सवयीच्या अर्थाने हे दोन शब्द सुटे बोलत नाहीत. ‘यूस्टू’ असा एकच तुकडा होतो आणि मध्ये स्वच्छ ‘स’ येतो. ‘ज’ येतो तो ‘वापरलं जातं’ या अर्थी. ‘धिस रूम इज यूज्ड टू स्टोअर फाइल्स’, म्हणजे ही खोली फायली ठेवायला वापरतात. दिसायला तेच शब्द असले तरी या वाक्यात सवयीचा काही संबंध नाही.

आता ‘-यचो’च्या नियमाला धक्का देणाऱ्या दोन जागा.

पहिली जागा किती काळ किंवा किती वेळा हे मोजून सांगण्याची. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन कळवा फॉर सिक्स इयर्स’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण ते बरोबर नाही. सहा वर्षं म्हटलं की तो कालखंड बंद झाला, मोजला गेला. मग साधा भूतकाळ हवा. ‘आय लिव्ड इन कळवा फॉर सिक्स इयर्स.’ तसंच ‘मी तीनदा परीक्षा दिली’ याला ‘आय टुक द एक्झाम थ्री टाइम्स’. मराठीही इथे बहुधा ‘राहायचो’ सोडून ‘राहिलो’, ‘दिली’कडे वळते, तेव्हा कान उघडा ठेवला तर चूक टळते. ‘आठवड्यातून तीनदा’ मात्र चालतं, कारण ती एकूण मोजणी नसून वारंवारता आहे. ‘आय यूज्ड टू स्विम थ्री टाइम्स अ वीक.’

दुसरी जागा ‘जात होतो’. मराठीत ‘कॉलेजला असताना मी बसने जात होतो’ हे सवयीचं वाक्य आहे, आणि ‘मी जात होतो तेवढ्यात पाऊस आला’ हे एका प्रसंगाचं. आपण दोन्हीकडे ‘आय वॉज गोइंग’ चिकटवतो. इंग्रजी कानाला ‘वॉज गोइंग’मध्ये तो एक प्रसंगच दिसतो आणि तो पुढे काय झालं याची वाट पाहत बसतो. कॉलेजच्या बससाठी ‘आय यूज्ड टू गो बाय बस’ किंवा सरळ ‘आय वेंट बाय बस’.

‘वुड’ : आठवणी सांगणाऱ्याचा शब्द

इंग्रजी कथा, आत्मचरित्रं वाचताना भूतकाळातल्या सवयींसाठी ‘वुड’ दिसतो आणि शिकणारा बावचळतो, कारण त्याने ‘वुड’ फक्त ‘वुड यू लाइक टी?’मध्ये पाहिलेला असतो. जुन्या मराठी गद्यात ‘आजोबा रोज संध्याकाळी तलावपाळीवर जात, ठरलेल्या बाकावर बसत, शेंगदाणे घेत’ अशी रूपं येतात. ‘वुड’चा सूर थेट तोच आहे. ‘एव्हरी इव्हनिंग माय ग्रँडफादर वुड वॉक टू तलावपाळी. ही वुड सिट ऑन द सेम बेंच. ही वुड बाय पीनट्स.’ थोडा हळवा, मागे वळून पाहणारा सूर.

वापरताना दोन अटी पाळा. आधी काळ उभा केलेला असला पाहिजे, म्हणजे ‘माझ्या लहानपणी’, ‘आम्ही चाळीत असताना’ असं काहीतरी. नुसतं ‘ही वुड वॉक’ म्हटलं तर ऐकणारा विचारील, कधी, कशावरून? म्हणून मुरलेले लेखक पहिल्या वाक्यात ‘यूज्ड टू’ ठेवतात आणि त्यानंतरच्या वाक्यांत ‘वुड’ची माळ लावतात. दुसरी अट जास्त महत्त्वाची. ‘वुड’ फक्त कृतीला चालतो, स्थितीला नाही. राहणं, असणं, आवडणं, माहीत असणं, मालकीचं असणं, इथे ‘वुड’ बंद. ‘वी वुड लिव्ह इन नौपाडा’ याचा अर्थ ‘आम्ही नौपाड्यात राहायचो’ होत नाही. तो ‘राहिलो असतो’ किंवा ‘राहू’कडे झुकतो. ‘वी यूज्ड टू लिव्ह इन नौपाडा’च म्हणावं लागतं.

माझं मत विचाराल तर बोलताना, आणि मुलाखतीत तर नक्कीच, ‘वुड’ बाजूला ठेवा. ऑफिसात ‘आय वुड रिपोर्ट टू द मॅनेजर’ म्हटलं की निम्मे लोक ते भविष्यकाळ समजतात, कारण आपल्याकडे ‘वुड’ विनाकारण ‘विल’च्या जागी घालायची पद्धत पडली आहे. वाचताना ओळखता आला आणि आठवणी लिहिताना वापरता आला, तरी त्याचं काम झालं.

पायरी तिसरी : आजची सवय

नियम सोपा आहे तरी चुका इथेच जास्त होतात. ‘मी रोज ट्रान्स-हार्बरने जातो’ म्हणजे ‘आय टेक द ट्रान्स-हार्बर लाइन एव्हरी डे’. ‘आय ॲम टेकिंग एव्हरी डे’ नको. ‘आय डेली टेक’सुद्धा नको. ‘एव्हरी डे’ बहुधा वाक्याच्या शेवटी जातं. ‘ऑलवेज, युज्वली, ऑफन, नेव्हर’ हे मात्र मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात आणि ‘ॲम, इज, आर’च्या नंतर: ‘शी युज्वली गेट्स अ सीट’, पण ‘शी इज युज्वली लेट’. पशुपक्ष्यांच्या सवयीही याच काळात. ‘फ्लेमिंगोज कम टू नवी मुंबई एव्हरी विंटर.’

सवय तात्पुरती असेल तर आयएनजीला परवानगी आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली. गाडी गॅरेजमध्ये आहे म्हणून महिनाभर कुणी मेट्रोने जात असेल तर ‘आय ॲम टेकिंग द मेट्रो धीज डेज’. मराठीत ‘सध्या’, ‘हल्ली’ मनात आलं की हा काळ सुचू द्या.

आयएनजीचा आणखी एक उपयोग घराघरात लागेल असा आहे. वैताग व्यक्त करायला ‘ऑलवेज’सोबत चालू वर्तमानकाळ घेतात. ‘ही इज ऑलवेज लीव्हिंग हिज वेट टॉवेल ऑन द बेड.’ हा सारखा ओला टॉवेल पलंगावर टाकतो. ‘ही ऑलवेज लीव्ह्ज’ म्हटलं तर ती नुसती माहिती. ‘इज ऑलवेज लीव्हिंग’ म्हटलं तर कपाळावरची आठी दिसते. आपला ‘सारखा’ जिथे येतो तिथे हे रूप चपखल बसतं. याच कामाला ‘कीप्स’ही येतो: ‘शी कीप्स लूजिंग हर पास.’ साहेबांविषयीच्या ईमेलमध्ये मात्र दोन्ही टाळलेले बरे.

स्वभाव सांगताना ‘विल’ येतो, आणि त्यात नवल वाटायला नको, कारण मराठीतही आपण भविष्यकाळच वापरतो. ‘एकदा बोलायला लागला की तासभर बोलेल.’ ‘वन्स ही स्टार्ट्स, ही विल टॉक फॉर ॲन अवर.’ आणि जिथे नेहमी नाही पण बऱ्याचदा असं घडतं, तिथे ‘टेंड टू’ सभ्य आणि सुरक्षित आहे. ‘ट्रेन्स टेंड टू रन लेट इन हेवी रेन.’

पायरी चौथी : अंगवळणी पडलेलं

‘आय ॲम यूज्ड टू द क्राउड.’ मला गर्दीची सवय आहे. या ‘यूज्ड टू’मधला ‘टू’ आधीच्या ‘टू’चा जुळा दिसतो, पण काम वेगळं करतो. आपल्या ‘-ची’ प्रत्ययाची जागा तो घेतो, म्हणून त्याच्यापुढे नाम लागतं. क्रियापद आलंच तर ते आयएनजी लावून नामासारखं करून घ्यावं लागतं. मराठीही नेमकं हेच करते. ‘उभं राहतो सवय’ असं कुणी म्हणत नाही, ‘उभं राहण्याची सवय’ म्हणतात. ते ‘राहण्याची’ म्हणजेच ‘स्टँडिंग’. ‘आय ॲम यूज्ड टू स्टँडिंग ऑल द वे.’

शंका आली तर ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ हे पूर्ण वाक्य आहे, म्हणून पुढे आयएनजी. ‘आय यूज्ड टू इट’ अर्धवट लटकतं, म्हणून पुढे मूळ क्रियापद. ही कसोटी ‘लुक फॉरवर्ड टू’लाही लागू पडते. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ लिहायचं की ‘मीट यू’, हा ऑफिसातला जुना वाद तिथल्या तिथे मिटतो.

आता ती फसवी जागा. मराठीत ‘त्याला नखं खायची सवय आहे’ आणि ‘त्याला गर्दीत उभं राहायची सवय आहे’ ही वाक्यं एकाच ठशाची आहेत. पहिल्यात तो एखादी गोष्ट वारंवार करतो. दुसऱ्यात तीच गोष्ट त्याला जड जात नाही. ‘बी यूज्ड टू’ फक्त दुसऱ्या अर्थाला चालतं. ‘ही इज यूज्ड टू बाइटिंग हिज नेल्स’ म्हटलं तर नखं खाणं हे कष्टाचं काम असून आता त्याला ते जमू लागलंय, असा काहीतरी विचित्र अर्थ होतो. तिथे ‘ही बाइट्स हिज नेल्स’ किंवा ‘ही हॅज अ हॅबिट ऑफ बाइटिंग हिज नेल्स’. म्हणून ‘सवय’ दिसली की तिच्या जागी ‘अंगवळणी पडलंय, त्रास वाटत नाही’ घालून पाहा. बसलं तर ‘यूज्ड टू’, नाही बसलं तर साधा वर्तमानकाळ किंवा ‘हॅबिट’.

पायरी पाचवी : होत असलेली सवय

‘बी’च्या जागी ‘गेट’ आणला की वाक्य हलायला लागतं. साताऱ्याहून लग्न होऊन घणसोलीला आलेली मुलगी पहिल्या महिन्यात म्हणेल, ‘आय ॲम नॉट यूज्ड टू द ह्युमिडिटी.’ दमट हवेची सवय नाही. काही आठवड्यांनी, ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट.’ होतेय हळूहळू. वर्षभराने, ‘आय हॅव गॉट यूज्ड टू इट’ किंवा नुसतं ‘आय ॲम यूज्ड टू इट नाउ’. आणि माहेरच्यांना धीर देताना, ‘डोन्ट वरी, आय विल गेट यूज्ड टू इट.’ ‘यूज्ड टू’ जागचं हलत नाही, सगळा काळ ‘गेट’ वाहून नेतो. त्यामुळे पाठ करायचं ते ‘गेट’चं एवढंच: गेटिंग, गॉट, विल गेट.

अमेरिकेच्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या महापे-ऐरोलीकडच्या मंडळींना हे रूप वर्षातून दोनदा तरी लागतं. तिकडे घड्याळ तासाने मागेपुढे होतं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. ‘आय हॅवन्ट गॉट यूज्ड टू द न्यू टायमिंग येट.’ अजून सवय झाली नाही. कधीच होणार नाही असं वाटत असेल तर ‘आय कान्ट गेट यूज्ड टू स्लीपिंग ड्युरिंग द डे.’

ठरवून लावलेल्या सवयीला मात्र ‘गेट यूज्ड टू’ अपुरं पडतं, कारण त्यात ‘सहन व्हायला लागलं’ अशी छटा आहे. उपवनला सकाळी चालायला जाणं तुम्ही स्वतःहून सुरू केलं असेल तर ‘आय हॅव स्टार्टेड वॉकिंग इन द मॉर्निंग्ज’. अजून ते पक्कं झालं नसेल तर ‘आय ॲम ट्राइंग टू गेट इनटू द हॅबिट ऑफ वॉकिंग’. जूनपासून टिकलं असेल तर ‘आय हॅव बीन वॉकिंग सिन्स जून’. आपले लोक इथे हटकून ‘आय ॲम वॉकिंग सिन्स जून’ म्हणतात, कारण मराठीत ‘जूनपासून चालतोय’ पुरतं. इंग्रजीत अशा वाक्यात ‘सिन्स’ आला की ‘हॅव बीन’ हवंच.

सोडण्याच्या वाक्यांत एक गमतीचा खड्डा आहे. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे सिगरेट सोडली. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे सिगरेट ओढायला थांबला. कमी केली असेल तर ‘ही हॅज कट डाउन ऑन स्मोकिंग’.

हात बसवायला

रोजचा एक रस्ता निवडा, घर ते स्टेशन चालेल. त्यावर पूर्वी काय होतं, तुम्ही आज काय करता, कशाची सवय झाली, कशाची होतेय, कशाचा वैताग येतो, अशी एकेक वाक्यं आधी मराठीत आणि मग इंग्रजीत मोठ्याने बोला. उसन्या उदाहरणांपेक्षा स्वतःचा रस्ता जास्त लक्षात राहतो, शिवाय सकाळी तिथूनच जायचं असल्यामुळे उजळणी फुकट होते.

आता ही पाच वाक्यं उत्तर न बघता करून पाहा. बाबा पूर्वी वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. शेजारचे काका सारखे आमचा पेपर घेऊन जातात. सासूबाईंना लिफ्टची अजून सवय झालेली नाही. मी चार वर्षं कोपरीत राहिलो. मला उपाशीपोटी चहा प्यायची सवय आहे.

पहिल्याला ‘माय फादर यूज्ड टू वर्क इन वागळे इस्टेट’. नोकरी ही टिकलेली स्थिती आहे, म्हणून ‘वुड’ नको. दुसऱ्याला ‘अवर नेबर इज ऑलवेज टेकिंग अवर न्यूजपेपर’. तिसऱ्याला ‘माय मदर-इन-लॉ हॅजन्ट गॉट यूज्ड टू द लिफ्ट येट’. चौथ्याला ‘आय लिव्ड इन कोपरी फॉर फोर इयर्स’, कारण वर्षं मोजली. पाचव्याला दोन उत्तरं आहेत आणि कुठलं बरोबर ते समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. डॉक्टरांना सांगत असाल तर ‘आय ड्रिंक टी ऑन ॲन एम्प्टी स्टमक’. यजमान बिस्किटं संपल्याबद्दल ओशाळून बोलत असतील तर ‘दॅट्स ऑल राइट, आय ॲम यूज्ड टू इट.’